परमुलखातील नोकरी आणि आपले कागद
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिकलेल्या तरुणाने परक्या देशात नोकरी कशी शोधावी, या विषयावर बोलण्याची आज्ञा मला झालेली आहे. परदेशात कधी नोकरी न केलेल्या शाळामास्तराने यावर काय सांगावे, अशी शंका तुमच्यापैकी काहींच्या मनात येईल. तिचे उत्तर साधे आहे. ज्याला नोकरी लागते तो विमानाने निघून जातो, परंतु त्याचे कागद दुरुस्तीसाठी शाळेतच परत येतात. दहा-बारा वर्षे ते कागद पाहता पाहता जे ध्यानात आले तेच आज तुमच्यापुढे ठेवणार आहे.

परदेश ही आपल्या घरांना नवी गोष्ट नाही. सारंग, तांडेल, नाखवा ही आपल्याकडील आडनावेच मुळी जहाजावरील हुद्द्यांची आहेत. रत्नागिरी आणि जुन्या कुलाबा जिल्ह्यातील माणूस खलाशी म्हणून मुंबईच्या गोदीत आला आणि तेथून जगभर गेला. केपटाऊन शहरात आजही कोकणी घराणी नांदत आहेत. त्यांचे पूर्वज तेथे गेले त्या काळचा एक कायदा तुम्हांला ठाऊक असावा असे मला वाटते. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीने १८९७ साली आणि केप वसाहतीने १९०२ साली असा नियम केला की, बाहेरून येणाऱ्याला युरोपातील एखाद्या भाषेत स्वतःच्या हाताने अर्ज लिहिता आला पाहिजे. हिंदी माणसाला उघडपणे 'येऊ नको' म्हणायचे नव्हते, म्हणून परीक्षेची भिंत उभी केली. मराठी, उर्दू, गुजराती उत्तम लिहिणारा माणूस तेथे निरक्षर ठरला. आज इंग्रजीच्या किंवा जर्मनच्या परीक्षेला बसणारा आपला मुलगा वैतागतो तेव्हा मला या कायद्याची आठवण होते. हेतू सर्वस्वी एकच आहे असे मी म्हणत नाही, कारण रुग्णाची भाषा परिचारिकेला आली पाहिजे हे कोणीही मान्य करील. परंतु परीक्षेची भिंत सव्वाशे वर्षे जुनी आहे, आणि तेव्हाही ती शिकून ओलांडणारे लोक होतेच.

त्यानंतर आले आखात. मुंबईहून कराची, मस्कत, दुबई, बहरीन, कुवेत करीत बसऱ्यापर्यंत जाणाऱ्या बोटी आपल्या वडीलधाऱ्यांच्या चांगल्या स्मरणात आहेत. त्यांतील 'दारा' बोट ८ एप्रिल १९६१ रोजी दुबईजवळ स्फोट होऊन पेटली आणि २३८ माणसे दगावली. 'द्वारका' ही त्या मार्गावरची शेवटची बोट १९८२ साली बंद झाली. आखाताशी आपला व्यवहार किती जवळचा होता पाहा! दुबईच्या बाजारात १९६६ पर्यंत रुपयाच चालत असे, आणि तिकडच्यासाठी रिझर्व्ह बँक १९५९ पासून निराळ्या नोटा काढीत असे. मग १९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले. रस्ते, बंदरे, इमारती बांधण्यासाठी माणसांची हाक आली आणि आपल्या खेड्यापाड्यांतून घरटी एक माणूस गेला.

मुंबईतही एक उलथापालथ झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. परळ-लालबागच्या ज्या चाळींत तीन पाळ्यांचे भोंगे हेच घड्याळ होते, तेथे पुढे बापाची नोकरी मुलाला मिळण्याची सोय संपली. पूर्वी गिरणीत 'बदली' लागण्यासाठी जशी ओळख पाहत, तशी त्या घरांतील तरुण मंडळी दुबई-कुवेतसाठी ओळख पाहू लागली.

हा सारा इतिहास सांगण्याचे कारण एवढेच की, त्या वेळी मागणी हातांची होती. वेल्डिंग येते का, गाडी चालविता येते का, एवढे पाहून माणूस घेत. आज आपली मुले अभियंता, परिचारिका, औषधनिर्माता, लेखापाल, शिक्षक होऊन बाहेर पडत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु हातातील कसब विमानातून सरळ जाते, पदवी मात्र तशी जात नाही. तिला प्रत्येक सरहद्दीवर थांबवून विचारतात, 'तू कोण, कोठली, तुला कोणी ओळखतो का?' हा फरक आपल्या पालकांच्या पुरेसा ध्यानात आलेला नाही असे माझे मत आहे. आपण अजूनही ओळखीवर भिस्त ठेवतो. 'मामू तिकडे आहेत, ते लावतील' असे म्हणतो. मामू निवाऱ्याची सोय करतील, पहिला महिना जेवू घालतील, एखाद्या मालकाला भेटवतीलही. पण परवाना मिळवून देणे मामूंच्या हाती नाही.

परवाना हा शब्द येथे नीट समजून घ्या. कोणत्याही देशात कामांचे दोन वर्ग असतात. काही कामांना मालकाची पसंती पुरते. हिशेबनीस, विक्रेता, संगणकावरचे बरेचसे काम या वर्गात येते. काही कामांना मात्र मालकाच्या आधी त्या देशाच्या मंडळाची संमती लागते. डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, बऱ्याच ठिकाणी अभियंता आणि शिक्षकसुद्धा. मालक कितीही खूष असो, मंडळाने नाव नोंदविल्याशिवाय त्या कामाला हात लावता येत नाही. म्हणून नोकरी शोधण्याआधी पहिला प्रश्न हा विचारावा की, मला जायचे आहे त्या देशात माझे काम कोणत्या वर्गातले?

एकदा मिळालेली मान्यता कायमची राहते असेही नाही. भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातून किंवा परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयातून पदवी घेऊन विलायतेस गेलेल्या डॉक्टरला एके काळी तेथे थेट नोंदणी मिळत असे. १९७५ साली विलायतेच्या वैद्यक परिषदेने हिंदुस्थानी पदव्यांची मान्यता काढून घेतली आणि परदेशी डॉक्टरांसाठी परीक्षा सुरू केली. तीच परीक्षा आज 'प्लॅब' या नावाने ओळखली जाते. पदवी तीच, महाविद्यालय तेच, रुग्णही तसेच. नियम तेवढा बदलला.

याहून जवळचे उदाहरण कुवेतचे घ्या. २०१८ साली कुवेतने ठरविले की, अभियंत्याच्या वास्तव्याच्या परवान्याचे नूतनीकरण तेथील अभियंता संघटनेच्या संमतीशिवाय होणार नाही. त्या संघटनेने हिंदुस्थानातील कोणत्या पदव्या मानावयाच्या यासाठी आपल्या राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाची, म्हणजे 'एन.बी.ए.'ची, यादी धरली. परिणाम काय झाला? ज्यांनी पंधरा-पंधरा वर्षे तेथे पूल बांधले, तेलाच्या वाहिन्या टाकल्या, त्यांना एका सकाळी सांगण्यात आले की तुमचे महाविद्यालय यादीत नाही. कित्येकांनी हुद्दा बदलून घेतला. काल जो अभियंता होता तो कागदोपत्री पर्यवेक्षक झाला.

विद्यार्थी मित्रांनो, बारावीनंतर प्रवेशाचा अर्ज भरताना तुम्ही महाविद्यालयाची इमारत पाहता, फी पाहता, घरापासून किती स्टेशने आहेत तेही पाहता. या मूल्यांकनाची चौकशी फार थोडे करतात. ती करताना एक बारकावा ध्यानात असू द्या. हे मूल्यांकन सबंध महाविद्यालयाला नसते, एकेका शाखेला असते आणि ठरावीक वर्षांपुरते असते. स्थापत्य शाखेला आहे म्हणून यंत्र शाखेला असेलच असे नाही, आणि तुम्ही उत्तीर्ण व्हाल त्या वर्षी ते चालू असेलच असेही नाही. आपला देश २०१४ साली 'वॉशिंग्टन करार' नावाच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचा पूर्ण सभासद झाला. त्यामुळे काही संस्थांच्या अभियांत्रिकी पदवीला इतर सभासद देशांत मान मिळतो. परंतु तो लाभही मंडळाने वरच्या श्रेणीत मूल्यांकन केलेल्या अभ्यासक्रमांनाच आहे. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत जे छापलेले असते त्यावर विसंबू नका. मंडळाच्या यादीत स्वतः डोळ्यांनी पाहा.

परिचारिकेच्या अभ्यासक्रमाला मुलींना घालावे की नाही, हा प्रश्न आपल्या पालक सभेत दरवर्षी निघतो. माझे मत मी पूर्वीही सांगितले आहे, ते अनुकूल आहे. येथे एवढेच सांगतो की, या व्यवसायात मुलींना फसविण्याचे प्रकार इतके झाले की सरकारला २०१५ साली खास नियम करावा लागला. आखातासह अठरा देशांत जाणाऱ्या परिचारिकेला, ती पदवीधर असली तरी, सरकारची निर्गमन-संमती आवश्यक केली गेली आणि भरतीचे काम सरकारी संस्थांकडे सोपविले गेले. शिवाय तिकडचे मंडळ तुमच्या महाविद्यालयाकडे, परिचर्या परिषदेकडे आणि तुम्ही काम केलेल्या रुग्णालयाकडे थेट पत्र पाठवून खातरजमा करते. एका खासगी रुग्णालयाने अनुभवाचा दाखला तर दिला, परंतु पडताळणीच्या पत्राला उत्तर दिले नाही, म्हणून माझ्या एका विद्यार्थिनीचे पाच महिने गेले. तेव्हा नोकरी सोडताना दाखल्याबरोबर हेही विचारून ठेवा की, उद्या पत्र आले तर उत्तर कोण देणार.

शिक्षकांचेही सांगतो, नाहीतर म्हणाल की मास्तरांनी स्वतःचे झाकून ठेवले! फेब्रुवारी २०२३ पासून इंग्लंडने हिंदुस्थानातील गणित, विज्ञान व भाषा शिकविणाऱ्या प्रशिक्षित शिक्षकांना आपल्याकडील शिक्षकपदाच्या दर्जासाठी अर्ज करण्याची वाट खुली केली. माझ्यासारखा इतिहास शिकविणारा मात्र त्यात बसत नाही. तेव्हा संस्थेने काळजी करू नये.

आता प्रत्यक्ष नोकरी शोधण्याकडे वळू. घरच्या माणसाला भेटण्याच्या व्हिसावर दुबईस जायचे, मुलाखती द्यायच्या आणि नोकरी लागली की व्हिसा बदलायचा, ही आपल्याकडची रुळलेली रीत आहे. मुलाखत देण्यात गैर नाही. पण त्या व्हिसावर कामाला लागणे हा तेथे गुन्हा आहे. 'महिनाभर काम करून दाखव, मग व्हिसा काढतो' असे म्हणणाऱ्या मालकापासून दूर राहावे, कारण महिना भरल्यावर तो पगारही देत नाही आणि तुम्हांला तक्रारही करता येत नाही. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ पासून केवळ नोकरी शोधण्यासाठी निराळा व्हिसा सुरू केला आहे. जर्मनीनेही १ जून २०२४ पासून 'संधिपत्र' म्हणता येईल अशी व्यवस्था केली, ज्यावर पात्र माणसाला एक वर्ष तेथे राहून नोकरी शोधता येते. परंतु त्या वर्षाच्या खर्चाचे पैसे आधी बँकेत अडकवून ठेवावे लागतात. आपले राज्य सरकार आणि जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य यांच्यात २०२४ साली कुशल मनुष्यबळाचा करार झाला तेव्हा आपल्याही बऱ्याच मुलांनी नावे नोंदविली. करार सरकारांचा असतो, भाषा मात्र ज्याची त्याला शिकावी लागते. काळा घोड्याच्या मॅक्सम्युलर भवनात ती शिकवितात. नमस्कार-चमत्कारापुरती पहिली पायरी चढून थांबणारे पुष्कळ असतात. रुग्णालयात उभे राहायचे तर चौथ्या पायरीपर्यंत जावे लागते आणि त्याला वर्ष-दीड वर्षाची नेट धरलेली मेहनत लागते.

कॅनडासारख्या देशांत आणखी एक अडचण येते. मालक विचारतो, 'इथला अनुभव आहे का?' नोकरी दिल्याशिवाय अनुभव यावा कसा आणि अनुभवाशिवाय नोकरी मिळावी कशी? शिकलेले लोक टॅक्सी चालवितात त्या कथा तुम्ही ऐकल्या असतील, त्यांचे मूळ बऱ्याच अंशी येथे आहे. ओंटारिओ प्रांताच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ साली अशी सक्तीची अट म्हणजे भेदभाव होय असे मत दिले. तेथील अभियंत्यांच्या मंडळाने ही अट मे २०२३ मध्ये काढून टाकली, आणि जानेवारी २०२६ पासून तर पंचवीस किंवा अधिक नोकर असलेल्या मालकांना जाहिरातीत तशी अट घालण्यास मनाई झाली. हे व्हावयास दहा-बारा वर्षे लागली, आणि मनातली अट कोणता कायदा काढणार हा प्रश्न आहेच. म्हणून जो मुलगा जाईल त्याच्याकडून घरच्यांनी पहिल्या दिवसापासून मोठ्या हुद्द्याची अपेक्षा करू नये. त्याने दोन पायऱ्या खालचे काम धरले तर ते कमीपणाचे नाही. मात्र ते आपल्याच धंद्याच्या अंगणातले असावे. अभियंत्याने नकाशे काढण्याचे काम घेतले तर तो पुन्हा वर चढू शकतो. किराणा दुकानात पाच वर्षे काढली तर त्याची पदवी त्यालाच परकी होते.

यानंतर एजंट. भायखळा, डोंगरी, मशीद बंदर, दादर येथे परदेशी भरतीची कार्यालये आहेत. त्यांत सरळ धंदा करणारे आहेत आणि दुसरेही आहेत. सरळ कोण हे चेहऱ्यावरून कळत नाही, नोंदणीवरून कळते. १९८३ च्या निर्गमन कायद्याप्रमाणे अशा एजंटास सरकारी परवाना लागतो, आणि परवानाधारकांची नावे 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात. उमेदवाराकडून त्याने घ्यावयाच्या शुल्काची मर्यादा २०१७ पासून तीस हजार रुपये व त्यावरील कर इतकी ठरलेली आहे. दीड लाख, दोन लाख मागणारा पावती देत नाही, यातच सर्व काही आले.

येथे शिकलेल्या माणसाचा एक गैरसमज दूर केला पाहिजे. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर निर्गमन-संमती आवश्यक असल्याचा शिक्का असतो. अशा माणसाला आखाती व इतर मिळून अठरा देशांत नोकरीस जाण्यापूर्वी वांद्रे-कुर्ला संकुलातील विदेश भवनात बसणाऱ्या निर्गमन-संरक्षकाची संमती घ्यावी लागते. तेथे त्याचा करार पाहतात, पगार पाहतात, विमा उतरवितात. दहा लाखांचे संरक्षण आणि हप्ता दोन वर्षांसाठी २७५ रुपये! दहावी पास झालेल्याला हा फेरा चुकतो आणि आपण त्याला मान समजतो. याचा दुसरा अर्थ असा की, शिकलेल्या माणसाचा करार सहसा कोणीही तपासून पाहत नाही. कायदा गृहीत धरतो की तो स्वतः वाचील. २०२२ मध्ये थायलंडमध्ये संगणकाची नोकरी म्हणून गेलेली मुले म्यानमारच्या सरहद्दीपलीकडे नेऊन डांबली गेली आणि त्यांच्याकडून लोकांना फसविण्याचे काम करून घेतले गेले. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाला तशी सूचना प्रसिद्ध करावी लागली. ती मुले अडाणी नव्हती. पदवीधर होती, इंग्रजी जाणणारी होती, म्हणूनच निवडली गेली.

तेव्हा करार वाचा. मूळ पगार किती आणि भत्ते किती हे निराळे पाहा, कारण नोकरी सुटताना मिळणारी रक्कम बहुतेक ठिकाणी मूळ पगारावर मोजतात. अमिरातीत परीक्षेचा काळ सहा महिन्यांहून अधिक असू शकत नाही, आणि भरतीचा खर्च मालकाने सोसावयाचा असा कायदा आहे. पासपोर्ट ठेवून घेण्याचा अधिकार मालकाला नाही. कतारने २०२० मध्ये मालकाच्या ना-हरकत पत्राशिवाय नोकरी बदलण्याची मुभा दिली, आणि सौदी अरबस्ताननेही मार्च २०२१ पासून काही अटींवर तशी सवलत दिली. नियम चांगले झाले आहेत हे खरे. परंतु ज्याला ते माहीत नाहीत त्याच्यासाठी जुनाच काळ चालू असतो.

आणि पालकहो, पगाराचा आकडा ऐकून रुपयांत गुणाकार करण्याची घाई करू नका. खोलीचे भाडे, जेवण, जाणे-येणे वजा केल्यावर पहिल्या वर्षी फारसे उरत नाही. कर्ज काढून मुलगा पाठवायचा, तिसऱ्या महिन्यात बहिणीचे लग्न ठरवायचे आणि सहाव्या महिन्यात गावी घराचा पाया खणायचा, या घाईपायी कित्येक चांगली मुले वाईट नोकरीत अडकून पडली आहेत. ती सोडून दुसरी शोधण्याइतकी उसंत त्यांना घराने दिली नाही.

तब्येतीची तपासणी हा विषय थोडक्यात घेतो, कारण आपल्या भागाशी त्याचा संबंध आहे. आखाती देशांसाठी छातीचा एक्स-रे काढतात. क्षयरोग पूर्ण बरा झालेला असला तरी फुप्फुसावरील जुना डाग दिसल्यास माणूस नापास होऊ शकतो. शिवडीच्या रुग्णालयातून बरे होऊन आलेली, आज ठणठणीत असलेली मुले या कारणाने मागे राहिलेली मी पाहिली आहेत. ज्याला हा आजार होऊन गेला आहे त्याने लाखभर रुपये कोणाच्या हाती देण्यापूर्वी स्वतःच एक एक्स-रे काढून डॉक्टरांना दाखवावा, आणि डाग असेल तर जेथे असा नियम नाही त्या देशाचा विचार करावा.

आता मी माझ्या हक्काच्या विषयाकडे येतो. तो म्हणजे नाव आणि जन्मतारीख.

आपल्या मुलाचे नाव किती प्रकारांनी लिहिलेले असते हे घरी गेल्यावर जरूर पाहा. जन्मदाखल्यावर 'मोहम्मद' पूर्ण, शाळेच्या रजिस्टरात 'मोहं.', आधार कार्डावर इंग्रजीत नुसतेच 'एमडी'. परदेशातील कारकून ते वाचून समजतो की हा वैद्यकीय पदवीधर दिसतो! आडनाव एका कागदावर 'पारकर', दुसऱ्यावर 'परकार'. कोठे वडिलांचे नाव मध्ये, तर कोठे गावाचे नाव शेवटी. त्यातच आपल्या बोर्डाच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी छापतात आणि पासपोर्टवर ते निराळ्या रकान्यात असते. उर्दूतून इंग्रजीत नाव नेताना ज्याने जसे ऐकले तसे लिहिले. आपल्या मोहल्ल्यात याने काही बिघडत नाही, कारण येथे तुम्हांला सर्व ओळखतात. परमुलखात तुम्हांला फक्त कागद ओळखतो, आणि दोन कागदांवर दोन नावे म्हणजे त्यांच्या लेखी दोन माणसे. काहींच्या पासपोर्टवर तर एकच नाव असते, आडनावाचा रकाना रिकामा. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमिरातीने अशा एकनावी पासपोर्टवर भेटीचा व्हिसा देणे बंद केले, तेव्हा विमानतळावरून परतलेल्यांची फार तारांबळ उडाली.

जन्मतारखेची गोष्ट त्याहून मजेची. जुन्या काळी आईबापांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. निम्म्या महाराष्ट्राचा वाढदिवस १ जूनला येतो तो असा. पुढे नगरपालिकेतून खरा जन्मदाखला निघतो, पासपोर्ट त्यावर काढला जातो, आणि शाळा सोडल्याचा दाखला १ जूनच सांगत राहतो.

ही दुरुस्ती मूल शाळेत असेपर्यंत सोपी असते. दहावीचे प्रमाणपत्र निघाले की बोर्डाकडे जावे लागते, पदवी मिळाली की विद्यापीठाकडेही. नाव बदलल्याची राजपत्रात नोंद करण्यासाठी पूर्वी गिरगावात चर्नी रोडच्या सरकारी छापखान्याच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. आता तो अर्ज घरबसल्या संगणकावर करता येतो, पण राजपत्राने जुने कागद बदलत नाहीत. दोन नावे एकाच माणसाची एवढेच ते सांगते, आणि परदेशी मंडळ ते मानील किंवा न मानील. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. लग्नानंतर पासपोर्टवरील नाव बदललेच पाहिजे असा नियम नाही. पदवी माहेरच्या नावाने असेल तर पासपोर्टही तसाच राहू द्यावा, हे सासरच्या वडीलधाऱ्यांनी समजून घ्यावे.

कागद एकसारखे झाले की मग त्यांचे साक्षांकन. प्रथम राज्य सरकारची मोहोर, मग परराष्ट्र मंत्रालयाची. २००५ पासून आपला देश 'अपोस्टील'च्या करारात आहे. ओमान, बहरीन आणि २०२२ च्या अखेरीपासून सौदी अरबस्तान हे देशही त्यात आहेत, त्यामुळे तेथे एका मोहोरेवर काम भागते. जे देश या करारात नाहीत, त्यांच्या वकिलातीची मोहोर वेगळी घ्यावी लागते. सबंध साखळीला काही आठवडे लागतात. नेमणुकीचे पत्र आल्यावर धावपळ करण्यापेक्षा पदवी हाती पडताच हे काम उरकून घ्यावे. मूळ प्रमाणपत्रांवर प्लास्टिक चढवू नये, कारण त्यावर मोहोर उठविता येत नाही. आणि मूळ प्रती कोणत्याही एजंटाच्या कपाटात ठेवू नयेत.

दहावीच्या विद्यार्थ्यांची नावे बोर्डाकडून छापील यादीत शाळेकडे तपासणीसाठी येतात. ती यादी आम्ही वर्गात वाचून दाखवितो, मुले 'हो सर' म्हणतात आणि सही करतात. यंदा त्या दिवशी पालकांनाही बोलाविण्याचे मुख्याध्यापकांनी मान्य केले आहे. तारीख सूचना फलकावर लागेल. येताना मुलाचा जन्मदाखला आणि आधार कार्ड आणावे. पासपोर्ट काढलेला असल्यास तोही आणावा, आणि आईचे नाव इंग्रजीत कसे लिहिता ते घरातून ठरवून यावे.